रक्त चढविणे : रक्त कसे जुळते व कसे जपले जाते

(इयत्ता ५ वी ते ८ वी, सामान्य विज्ञान व आरोग्य. शिक्षकांसाठी पाठटिप्पणी)



पुढील प्रसंग आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचा असेल. धडगाव किंवा अक्कलकुव्याकडील एखाद्या पाड्यावर रात्रीच्या वेळी बाळंतिणीस अतिशय रक्तस्राव होऊ लागतो. झोळी करून तिला रस्त्यापर्यंत व तेथून मिळेल त्या वाहनाने रुग्णालयापर्यंत आणतात. डॉक्टर तपासून म्हणतात, "रक्त चढवावे लागेल." हे शब्द ऐकताच सोबतच्या मंडळींत चलबिचल सुरू होते. एक म्हणतो, "मी सख्खा भाऊ आहे, माझेच काढा व तिला द्या." दुसरा, आपलेही रक्त काढतील या भीतीने, हळूच दाराबाहेर होतो. तिसरा गुरुजींना फोन लावतो. कागद वाचणारे, डॉक्टरांचे म्हणणे समजणारे व आपल्या बोलीत ते उलगडून सांगणारे गावात गुरुजीच, अशी त्याची श्रद्धा असते.

या श्रद्धेस आपण पात्र व्हावे व हीच माहिती उद्याच्या नागरिकांना, म्हणजे आपल्या विद्यार्थ्यांना, आज द्यावी, हा या पाठाचा हेतू आहे. संपूर्ण पाठाचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर ते असे : रक्त नात्याने जुळत नाही, तपासणीने जुळते, आणि जुळलेले रक्त योग्य माणसापर्यंत पोहोचते ते त्याच्या अचूक नावामुळे. यांतील पहिला भाग डॉक्टरांचा व रक्तपेढीचा आहे. दुसऱ्या भागात शिक्षकाचाही वाटा आहे. तो कोणता, ते पुढे येईलच.

१. रक्त म्हणजे काय?

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. ते दिसावयास एकजीव तांबडे द्रव्य असले, तरी त्याचे घटक निरनिराळे आहेत. निम्म्याहून थोडा अधिक भाग पिवळसर पाण्यासारखा असतो, त्यास रक्तद्रव म्हणतात. त्यात तरंगणाऱ्या तांबड्या पेशी फुप्फुसांतून प्राणवायू घेऊन तो शरीरभर पोहोचवितात. पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात. रक्तबिंबिका, ज्यांस डॉक्टर प्लेटलेट म्हणतात, त्या जखमेवर रक्त गोठण्यास साह्य करतात.

तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. जुन्या पेशी नष्ट होत असतात व हाडांतील मगजात नव्या तयार होत असतात. निरोगी माणसाने दिलेले रक्त शरीर भरून काढते, ते याच व्यवस्थेमुळे. रक्तद्रव एकदोन दिवसांत भरून येतो. तांबड्या पेशी भरून येण्यास काही आठवडे लागतात. यास्तव एकदा रक्त दिल्यावर पुरुषाने किमान ९० दिवस व स्त्रीने किमान १२० दिवस पुन्हा रक्त देऊ नये, असा नियम आहे.

२. रक्त जुळते म्हणजे काय?

एकाचे रक्त दुसऱ्यास द्यावे ही कल्पना जुनी आहे. १६६७ साली फ्रान्समध्ये झां-बातिस्त देनी या वैद्याने कोकराचे रक्त माणसास दिले. असे प्रयोग प्राणघातक ठरू लागले, तेव्हा त्यांवर बंदी आली. १८१८ साली इंग्लंडमध्ये जेम्स ब्लंडेल यांनी माणसाचेच रक्त माणसास देण्यास आरंभ केला. काही रोगी वाचले, काही दगावले. कोण वाचेल व कोण दगावेल, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते.

हे कोडे व्हिएन्ना येथील शास्त्रज्ञ कार्ल लँडस्टायनर यांनी सोडविले. आपल्या सहकाऱ्यांचे रक्त घेऊन एकाच्या तांबड्या पेशी दुसऱ्याच्या रक्तद्रवात मिसळल्या असता काही वेळा त्या पेशींच्या गुठळ्या होतात व काही वेळा होत नाहीत, असे त्यांनी पाहिले. त्यावरून १९०१ साली त्यांनी रक्ताचे गट दाखवून दिले व पुढील वर्षी इतरांनी आणखी एक गट शोधला. या कार्याबद्दल लँडस्टायनर यांस १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा जन्मदिवस १४ जून हा जागतिक रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो.

मुलांस हे पुढीलप्रमाणे समजावून द्यावे. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर काही खुणा असतात. 'ए' ही खूण असल्यास गट ए, 'बी' असल्यास गट बी, दोन्ही असल्यास एबी व दोन्ही नसल्यास ओ. आपल्या पेशींवर जी खूण नाही, तिला परकी समजणारे पहारेकरी रक्तद्रवात असतात. त्यांस प्रतिपिंडे म्हणतात. परकी खूण दिसताच ते त्या पेशींवर तुटून पडतात. पेशी फुटतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात व प्राणही जाऊ शकतो.

फळ्यावर पुढील तक्ता लिहावा.

तांबड्या पेशी कोणास कोणाच्या चालतात?
ए गटास — ए व ओ
बी गटास — बी व ओ
एबी गटास — ए, बी, एबी व ओ
ओ गटास — केवळ ओ

याशिवाय आर-एच नावाची आणखी एक महत्त्वाची खूण आहे. ती १९४० च्या सुमारास लँडस्टायनर व वीनर यांच्या संशोधनातून पुढे आली. ती असल्यास रक्त 'पॉझिटिव्ह', नसल्यास 'निगेटिव्ह' म्हणतात. आपल्या देशात बहुसंख्य लोक पॉझिटिव्ह आहेत. निगेटिव्ह गटाच्या गरोदर स्त्रीची नोंद दवाखान्यात आधीच होणे अगत्याचे असते. तिच्या पोटातील बाळ पॉझिटिव्ह असल्यास पुढील बाळंतपणात धोका संभवतो, व तो टाळण्यासाठी वेळेवर घ्यावयाचे इंजेक्शन उपलब्ध आहे.

आता सख्ख्या भावाची गोष्ट घ्या. रक्तगट आईवडिलांकडून येतो, परंतु तो त्यांच्यासारखाच असेल असे नाही. वडील ए गटाचे व आई बी गटाची असल्यास त्यांची मुले ए, बी, एबी किंवा ओ यांपैकी कोणत्याही गटाची निपजू शकतात. दोन सख्ख्या भावांचे रक्त परस्परांस न चालणे शक्य आहे, आणि सर्वस्वी परक्या माणसाचे रक्त उत्तम जुळणेही शक्य आहे. एवढेच नव्हे, तर अगदी जवळच्या नातेवाइकाच्या रक्ताने क्वचित एक वेगळाच गंभीर विकार उद्भवतो. म्हणून डॉक्टर शक्य तेथे ते टाळतात. "रक्ताचे नाते" हा शब्द जिव्हाळ्याच्या भाषेत खरा आहे. वैद्यकाच्या भाषेत त्यावर विसंबता येत नाही.

३. मुंबईत लागलेला शोध

ओ गटाचे रक्त कोणासही चालते असे आपण सर्रास ऐकतो. हे विधानही तपासणीविना मान्य करता येत नाही, हे महाराष्ट्रातीलच एका शोधाने जगास दाखवून दिले. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. देशपांडे, डॉ. भाटिया व त्यांचे इंग्लंडमधील सहकारी यांनी एक विलक्षण रक्तगट 'लॅन्सेट' या नियतकालिकातून प्रसिद्ध केला. साध्या तपासणीत हे रक्त ओ गटासारखेच दिसे. परंतु त्या माणसांना ओ गटाचे रक्तसुद्धा चालत नसे.

याचे कारण असे. ए व बी या खुणा ज्या पायावर उभ्या राहतात, त्या पायास 'एच' असे नाव आहे. ओ गटाच्या पेशींवर ए व बी नसले, तरी एच असतोच. या माणसांच्या पेशींवर तो पायाच नसतो. म्हणून त्यांच्या रक्तातील पहारेकरी एच लाही परका मानतात. त्यांना केवळ त्यांच्याच गटाचे रक्त चालते. हा गट आज जगभर 'बॉम्बे रक्तगट' या नावाने ओळखला जातो. तो युरोपात अत्यंत विरळ आहे. आपल्याकडेही विरळच, पण त्या मानाने अधिक आढळतो.

यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. केवळ गटाचे नाव सारखे असून भागत नाही. म्हणून रक्तपेढीत गट पाहिल्यावरही दात्याच्या पेशी व रोग्याचे रक्तद्रव प्रत्यक्ष एकत्र करून ते जुळतात की नाही हे पाहतात. या शेवटच्या पडताळ्यास 'क्रॉसमॅच' म्हणतात. त्यास वेळ लागतो. "पिशवी समोर दिसते आहे, मग देत का नाहीत?" असा प्रश्न नातेवाइकांनी केल्यास हे कारण त्यांस शांतपणे सांगावे.

४. रक्ताच्या पिशवीचा प्रवास

रक्त शरीराबाहेर येताच गोठू लागते. १९१४-१५ च्या सुमारास निरनिराळ्या देशांतील डॉक्टरांना असे आढळले, की रक्तात सायट्रेट नावाचा क्षार योग्य प्रमाणात मिसळल्यास ते गोठत नाही. त्यामुळे दाता व रोगी शेजारी शेजारी निजविण्याची गरज उरली नाही व रक्त साठविता येऊ लागले. आजच्या प्लास्टिकच्या पिशवीत हे द्रव्य आधीच घातलेले असते. कायद्याच्या भाषेत आता रक्तपेढीस 'रक्तकेंद्र' म्हणतात. बोलण्यात मात्र रक्तपेढी हाच शब्द रूढ आहे.

पहिली पायरी, दात्याची निवड. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो व हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम असावे लागते. साधारणतः ३५० मिलिलिटर रक्त घेतात; ५५ किलोंहून अधिक वजन असल्यास ४५० मिलिलिटरपर्यंत घेता येते. अलीकडील आजार, औषधे, गोंदण, शस्त्रक्रिया इत्यादींविषयी प्रश्न विचारतात. आपल्या भागात अनेकांचे हिमोग्लोबिन कमी असते. अशा माणसास परत पाठविल्यास तो त्याचा अपमान नव्हे. त्याचे स्वतःचेच रक्षण आहे, हे समजावून द्यावे व त्यास उपचारासाठी दवाखान्यात पाठवावे.

दुसरी पायरी, रोगांची तपासणी. प्रत्येक पिशवीतील रक्त एच.आय.व्ही., कावीळ ब, कावीळ क, उपदंश व हिवताप या पाच रोगांसाठी तपासणे आपल्या देशात बंधनकारक आहे. दोष आढळलेली पिशवी नष्ट करतात. तथापि रोगजंतू शिरल्यानंतर आरंभीचे काही दिवस ते तपासणीत दिसत नाहीत. हे छिद्र बुजविण्याचा उत्तम उपाय म्हणजे दात्याने प्रश्नांची खरी उत्तरे देणे. जो पैशासाठी रक्त देतो तो आजार लपवितो. जो स्वेच्छेने देतो त्यास लपविण्याचे कारण नसते. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी दिलेल्या निकालानुसार १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्याची प्रथा देशात बंद करण्यात आली. त्याच वर्षी १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातून आपला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. म्हणजे आपला जिल्हा जन्मला तेव्हा रक्ताची विक्री निषिद्ध ठरलेली होती. तेव्हा रुग्णालयाच्या आवारात कोणी पैसे घेऊन "माणूस आणून देतो" म्हणू लागल्यास त्यास दूर ठेवावे व डॉक्टरांस सांगावे.

तिसरी पायरी, घटक वेगळे करणे. यंत्रात फिरवून तांबड्या पेशी, रक्तद्रव व रक्तबिंबिका वेगळ्या काढता येतात. पंडुरोग झालेल्यास पेशी, भाजलेल्या किंवा रक्त न गोठणाऱ्या रोग्यास आवश्यकतेनुसार रक्तद्रव, बिंबिका घटलेल्यास बिंबिका, असे एका दात्याचे रक्त एकाहून अधिक रोग्यांच्या उपयोगी पडते.

चौथी पायरी, साठवण. तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सिअस तपमानात ठेवतात. पिशवीतील द्रव्यानुसार त्या ३५ किंवा ४२ दिवस टिकतात. बिंबिका २० ते २४ अंशांत, सतत हलत्या ठेवून, केवळ ५ दिवस टिकतात. रक्तद्रव गोठवून उणे ३० अंशांखाली ठेवल्यास वर्षभर टिकतो. यावरून दिसेल, की घरातील किंवा दुकानातील फ्रिज या कामी चालत नाही. तेथे तपमान स्थिर राहत नाही, वीज गेल्यास बिघडते; आणि अति गार होऊन पेशी गोठल्यास त्या फुटतात. लांबच्या रुग्णालयात रक्त न्यावयाचे तर ते खास शीतपेटीतून नेतात.

५. रोग्याच्या खाटेजवळ

पिशवी शीतपेटीतून बाहेर काढल्यावर रक्त चढविण्यास शक्यतो अर्ध्या तासाच्या आत आरंभ करतात व चार तासांच्या आत ते संपवितात. अधिक काळ उष्ण हवेत राहिल्यास त्यात जंतू वाढू शकतात. पहिली पंधरा मिनिटे रक्त सावकाश सोडतात व परिचारिका जवळ थांबून लक्ष ठेवते. कारण मोठे धोके बहुधा याच वेळात प्रकट होतात.

सोबतच्या माणसाने पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रोग्यास थंडी वाजून हुडहुडी भरणे, ताप येणे, कमरेत किंवा छातीत दुखणे, श्वास लागणे, अंगावर पित्त उठणे, लघवी लाल-काळी होणे, यांपैकी काहीही आढळल्यास तत्काळ परिचारिकेस हाक मारावी. संकोच करू नये. नळीची कळ आपण फिरवू नये. रक्त लवकर संपावे म्हणून वेग वाढवू नये. पिशवी उन्हात किंवा गरम पाण्यात धरू नये.

६. आपला जिल्हा आणि सिकलसेल

सातपुड्याच्या पायथ्याशी व डोंगरात शिकविणाऱ्या शिक्षकांस सिकलसेल हा शब्द अपरिचित नाही. या आनुवंशिक विकारात तांबड्या पेशी प्राणवायू कमी होताच विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात व लवकर नष्ट होतात. मुलास वारंवार कावीळ, अशक्तपणा व सांध्यांत, पाठीत, पोटात असह्य वेदना होतात. भारतात हा विकार प्रथम १९५२ साली निलगिरीच्या आदिवासी समाजांत नोंदविला गेला. सातपुड्यातील भिल्ल, पावरा इत्यादी समाजांत तो लक्षणीय प्रमाणात आढळतो. या समाजांत प्रदीर्घ अभ्यास करणारे पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांस २०१९ साली पद्मश्री प्राप्त झाली. १ जुलै २०२३ रोजी देशात सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले.

आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास हा रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. वाहक स्वतः सहसा निरोगी असतो. हा शाप नव्हे, कोणाचा दोष नव्हे व स्पर्शाने पसरणारा रोगही नव्हे.

सिकलसेलच्या प्रत्येक दुखण्यात रक्त चढवीत नाहीत. रक्त फारच कमी झाल्यास, छातीचा गंभीर त्रास झाल्यास, पक्षाघाताचा धोका असल्यास किंवा तत्सम प्रसंगीच डॉक्टर तसा निर्णय घेतात. वारंवार रक्त घेतल्याने शरीरात लोह साचते. शिवाय परक्या रक्तातील इतर बारीक खुणांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊन पुढील वेळी रक्त जुळविणे कठीण होते. म्हणून अशा मुलास आजवर किती वेळा, कोठे व कोणत्या गटाचे रक्त दिले आणि त्या वेळी काही त्रास झाला का, याची नोंद जपून ठेवणे फार मोलाचे असते. ही कागदपत्रे डोंगरातील घरात पावसाने भिजतात. पालकांची इच्छा असल्यास त्यांची एक प्रत शाळेच्या कपाटात ठेवावी. मात्र ती माहिती वर्गात उघड करू नये. त्या मुलास वारंवार पाणी पिऊ द्यावे, लघवीस जाऊ द्यावे, उन्हात फार वेळ उभे करू नये व ताप येताच पालकांस कळवावे.

७. नाव : शिक्षकाचा वाटा

आता पाठाच्या दुसऱ्या भागाकडे येऊ. रोगांची तपासणी इतकी सुधारली आहे, की आज रक्त चढविण्यातील गंभीर अपघातांचे एक प्रमुख कारण जंतू हे राहिलेले नाही. ते कारण म्हणजे चुकीच्या माणसास चुकीची पिशवी जाणे. रक्ताचा नमुना घेताना नळीवर दुसऱ्याचे नाव लिहिले जाते, किंवा शेजारच्या खाटेची पिशवी या खाटेस लागते. शास्त्र अचूक असते. चूक होते ती नावात.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न अधिक बिकट आहे. पाडवी, वसावे, वळवी, गावित, पावरा, तडवी ही आडनावे गावोगाव आहेत. एकाच वर्गात एकाच नावाची व आडनावाची दोन मुले असणे आपणांस नवे नाही. हजेरी घेताना आपण त्यांना वडिलांच्या नावाने किंवा पाड्याच्या नावाने ओळखतो. शिवाय मुलाचे घरातील नाव एक, जनरल रजिस्टरात दुसरे, आधारपत्रावर तिसऱ्या प्रकारे लिहिलेले, असेही घडते. दवाखान्यात आजीने घरचे नाव सांगितले व पुढे बापाने शाळेचे सांगितले, तर एकाच मुलाचे दोन रोगी होतात. याउलट दोन मुलांचा एक रोगीही होऊ शकतो.

या संदर्भात परिचारिकांस एक नियम शिकविलेला असतो. "तू दिनेश का?" असे विचारू नये, "तुझे नाव काय?" असे विचारावे. हा नियम का, हे शिक्षकाइतके दुसऱ्या कोणास कळणार? बुजलेले मूल कोणत्याही प्रश्नास मान हलवून "हो" म्हणते, हे आपण पहिलीच्या वर्गात रोज पाहतो. त्यातून प्रश्न प्रमाण मराठीत असेल व मुलाची बोली पावरी, भिली किंवा अहिराणी असेल, तर त्या "हो" चा काहीच भरवसा नसतो.

तेव्हा शिक्षकांनी पुढील तीन गोष्टी कटाक्षाने कराव्यात.

एक, प्रवेशाच्या वेळी मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव व जन्मतारीख आधार व जन्मनोंदीशी ताडून लिहावी. तफावत असल्यास ती त्याच वेळी पालकांच्या निदर्शनास आणून दुरुस्तीचा मार्ग सांगावा.

दोन, "तुझे पूर्ण नाव काय? वडिलांचे नाव काय? गाव कोणते, पाडा कोणता?" या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक मुलास मोठ्याने व न घाबरता देता यावीत, असा सराव पहिलीपासून हजेरीच्या वेळी घ्यावा. हा भाषेचा पाठ आहे आणि जीवरक्षणाचाही.

तीन, कोणी आपले नाव चुकीचे घेतल्यास "ते माझे नाव नाही" असे मोठ्या माणसासही सांगण्याचे धैर्य मुलांत निर्माण करावे. आपण हजेरीत नाव चुकविल्यास व मुलाने ते दुरुस्त केल्यास त्यास शाबासकी द्यावी.

८. वर्गातील प्रयोग

साहित्य : काचेचे चार पेले, पाणी, लाल शाई, निळी शाई, चमचा.

कृती : पहिल्या पेल्यात स्वच्छ पाणी (ओ गट), दुसऱ्यात लाल पाणी (ए गट), तिसऱ्यात निळे पाणी (बी गट), चौथ्यात लाल व निळे मिसळून गडद जांभळे पाणी (एबी गट) घ्यावे. एका पेल्यातील चमचाभर पाणी दुसऱ्यात घालावे. रंग बदलला तर "जुळले नाही", न बदलला तर "जुळले" असे मुलांनी वहीत लिहावे. स्वच्छ पाणी कोठेही घातले तरी नवा रंग येत नाही. स्वच्छ पाण्यात मात्र कोणताही रंग घातल्यास तो तत्काळ दिसतो. जांभळ्यात काहीही घातले तरी तो जांभळाच राहतो. आलेली उत्तरे फळ्यावरील तक्त्याशी ताडून पाहावीत.

प्रयोगानंतर मुलांना बॉम्बे रक्तगटाची हकीगत सांगावी व "पाणी स्वच्छ दिसते, एवढ्यावरून ते सर्वांस चालेल असे म्हणता येईल काय?" असा प्रश्न करावा. हा प्रयोग केवळ कल्पना येण्यासाठी आहे, हेही सांगावे. मुलांच्या बोटास सुई टोचून रक्तगट पाहण्याचा खटाटोप वर्गात कदापि करू नये. ते काम आरोग्य कर्मचाऱ्यांचे आहे.

९. स्वाध्याय

(१) वडील ए गटाचे व आई बी गटाची आहे. मुलगा ओ गटाचा असू शकेल काय?
(२) सख्ख्या भावाने रक्त देऊ केले, तरी डॉक्टर ते तपासल्याशिवाय का देत नाहीत?
(३) रक्ताची पिशवी घरातील फ्रिजमध्ये ठेवल्यास काय बिघडेल?
(४) परिचारिकेने "तू अमुकच का?" असे न विचारता "तुझे नाव काय?" असे का विचारावे?
(५) आपल्या घरातील कोणास आपला रक्तगट ठाऊक आहे काय, ते विचारून या. ठाऊक नसल्यास दवाखान्यात विचारण्यास सांगा.

समारोप

रक्तदान केल्याने माणूस कायमचा दुर्बल होतो, शेतीचे किंवा ऊसतोडीचे काम त्यास जमत नाही, ही समजूत आपल्या भागात दृढ आहे. ती उपदेशाने जाणार नाही, उदाहरणाने जाईल. प्रकृती ठीक असलेल्या शिक्षकाने १ ऑक्टोबर या राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिनी किंवा जवळच्या शिबिरात स्वतः रक्त द्यावे, थोडी विश्रांती घ्यावी, भरपूर पाणी प्यावे, त्या दिवशी जड काम टाळावे व दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे शाळेत हजर व्हावे. गाव ते पाहते.

आणि रात्री फोन आला, "गुरुजी, काय करू?" तर आपण सांगावे : "डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे कागद व नमुना रक्तपेढीकडे जाऊ द्या. दलालाकडे जाऊ नका. नमुन्याच्या नळीवर व पिशवीवर आपल्याच माणसाचे पूर्ण नाव आहे ना, ते परिचारिकेस वाचून दाखविण्यास सांगा. आणि भिऊ नका." एवढे स्पष्टपणे सांगता आले, तरी या पाठाचा हेतू सफल झाला असे समजावे.